रीलला टाळी, व्हिडिओला थाळी?

३० सेकंदांच्या रीलला लाखभर व्ह्यूज आणि तीन वीकेण्ड खपून केलेल्या २० मिनिटांच्या व्हिडिओला जेमतेम हजार. मग पैसे कुणाला जास्त मिळायला हवेत? आणि प्रत्यक्षात मिळतात कुणाला? हिंजवडी-मारुंजीच्या आयटी पट्ट्यात हातात कॅमेरा घेतलेल्या प्रत्येकाला पडलेला हा हिशेब जरा नीट मांडून बघू या.

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. लक्ष्मी चौकातून मारुंजीकडे वळलेली गाड्यांची रांग हलायचं नाव घेत नाहीये. कॅबमधल्या चौघांचे अंगठे मात्र सुसाट सुटलेत. वर, वर, अजून वर! वडापाव, मांजर, सासू-सून, शेअर मार्केट, परत मांजर. दहा मिनिटांत चाळीस रील्स हातावेगळ्या. त्यातलाच एखादा पठ्ठ्या कानात हेडफोन खुपसून राजगडावरचा पाऊण तासाचा व्हिडिओ बघत असतो. सोमवारी सुरू केलेला, ट्रॅफिकच्या कृपेने आज बहुतेक संपेल!

गंमत अशी, की या पट्ट्यात नुसते बघणारेच राहत नाहीत, बनवणारेही राहतात. टाउनशिपच्या कुठल्याही टॉवरकडे रात्री अकरानंतर मान वर करून बघा. एखाद्या खिडकीत रिंग लाइट हमखास दिसेल. कुणी किल्ल्यांचे व्हिडिओ करतंय, कुणी एक्सेलच्या ट्रिक्स सांगतंय, कुणी नवरा-बायकोची भांडणं रंगवून सांगतंय. दिवसा कोडिंग, संध्याकाळी क्लायंट कॉल आणि रात्री एडिटिंग. कुणाला हौस आहे, तर कुणाला ईएमआयला थोडा हातभार लावायचाय. आणि सगळ्यांना छळणारा प्रश्न एकच आहे : छोटं करू की मोठं?

एकाच पाण्याचे दोन व्हिडिओ

एक ताजं उदाहरण घेऊ. जून २०२५ मध्ये पहिल्याच दणक्यात हिंजवडी आयटी पार्कातल्या रस्त्यांवर पाणी साचलं. बघता बघता त्याचे व्हिडिओ फोनाफोनांत फिरले. पाण्यातून वाट काढणाऱ्या गाड्या, वैतागलेले लोक, खाली एक खोचक कॅप्शन. खेळ खलास! टीव्हीने तेच दाखवलं, पेपरांत त्याच्याच बातम्या झाल्या. या छोट्या व्हिडिओंनी काम चोख केलं. वर्षानुवर्षं ‘बघू, करू’ म्हणणाऱ्यांना निदान उत्तरं द्यायला लावली.

पण पाणी साचलं का? हे सांगायचं तर मामला एकदम वेगळा होतो. तेव्हाचं चित्र असं होतं, की पार्कातले रस्ते एमआयडीसीकडे, भोवतालचा भाग पीएमआरडीएच्या हद्दीत, हिंजवडी, माण आणि मारुंजीला आपापल्या ग्रामपंचायती आणि पलीकडे वाकडला गेलं की पिंपरी-चिंचवड महापालिका. ओढा मात्र हद्द विचारून वाहत नाही. तो कुठे अरुंद झाला, कुणी बुजवला, परवानगी कुणी दिली, हे शोधायचं तर नकाशे काढा, माहिती अधिकारात अर्ज टाका, गावातल्या जुन्या माणसांशी बोला, ऑफिसांच्या पायऱ्या झिजवा. समजा, मारुंजीतल्या कुणी सलग तीन वीकेण्ड घालवून असा २० मिनिटांचा व्हिडिओ केलाच, तर तो बघणार किती जण? रील बघणाऱ्यांच्या पासंगालाही नाही पुरणार.

आता सांगा, दोघांपैकी कुणाला जास्त मिळायला हवं? ‘ज्याने जास्त मेहनत केली त्याला’ असं म्हणायचा मोह होतो. पण नुसत्या मेहनतीला बाजारात भाव नसतो, हे अप्रेझलच्या वेळी आपण सगळेच शिकतो! ‘ज्याचं जास्त लोकांनी बघितलं त्याला’ म्हणावं, तर ज्या व्हिडिओमुळे ओढा मोकळा होऊ शकतो, तो पुन्हा कुणी करणारच नाही. पेच आहे तो इथे.

यूट्यूबचं गणित, साध्या मराठीत

आधी पैसे येतात कसे, ते बघू. यूट्यूबने जाहिरातीच्या पैशातला वाटा देणारा पार्टनर प्रोग्राम २००७ साली सुरू केला. मोठ्या व्हिडिओचा नियम सोपा आहे. तुमच्या व्हिडिओच्या पानावर जी जाहिरात लागली, तिच्या कमाईतले ५५ टक्के तुमचे, ४५ टक्के कंपनीचे.

छोट्यांची कथा नंतरची. २९ जून २०२० ला भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि जागा रिकामी झाली. जुलैत इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स आणल्या, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आणले, तेही सगळ्यात आधी भारतातच. सुरुवातीला शॉर्ट्सवाल्यांना एका ठराविक निधीतून बक्षिसी मिळायची. १ फेब्रुवारी २०२३ पासून मात्र तिथेही रीतसर वाटा सुरू झाला. पण इथला आकडा ४५ टक्के.

म्हणजे फरक फक्त दहा टक्क्यांचा? थांबा, इतकं सोपं नाहीये. शॉर्ट्समध्ये जाहिरात तुमच्या व्हिडिओवर लागत नाही. ती दोन शॉर्ट्सच्या मधे येते. त्यामुळे अमुक जाहिरात अमक्याच्या व्हिडिओमुळे बघितली गेली, असं म्हणता येत नाही. मग महिनाभराचे सगळे पैसे एका भांड्यात जमा होतात. त्यातून आधी गाण्यांचा हिस्सा बाजूला निघतो. उरलेली रक्कम प्रत्येक देशातल्या व्ह्यूजच्या प्रमाणात वाटून मांडली जाते आणि तुमच्या नावावर जे येईल, त्यातले ४५ टक्के तुमच्या खात्यात पडतात.

आकडे घालून बघू. समजा, भांड्यात १ लाख रुपये आहेत. एकूण व्ह्यूजपैकी पाचवा हिस्सा एकेक गाणं वापरलेल्या शॉर्ट्सचा आहे. नियमानुसार त्या २० हजारांतले निम्मे, म्हणजे १० हजार, संगीत कंपन्यांकडे जातात. उरले ९० हजार. तुमच्या शॉर्ट्सना एकूण व्ह्यूजपैकी एक टक्का मिळाले असतील, तर तुमच्या नावावर ९०० रुपये मांडले जातात आणि हातात पडतात ४०५. मोठ्या व्हिडिओवर ९०० रुपयांची जाहिरात लागली असती, तर हातात ४९५ आले असते.

यातली खरी मेख लक्षात आली का? तुम्ही एकही गाणं वापरलं नसेल, तरी भांड्यातून गाण्यांचे पैसे वजा झालेलेच असतात. मटका कुल्फी शेजारच्या टेबलाने मागवली आणि बिल मात्र सगळ्यांत वाटलं, तसलाच प्रकार! उलट, मोठ्या व्हिडिओत तुम्ही कुणाचं गाणं न विचारता वापरलंत, तर हक्कदार कंपनी त्या व्हिडिओच्या जाहिरातीचे सगळेच पैसे आपल्याकडे वळवू शकते. म्हणजे गाण्याच्या बाबतीत छोट्यांना सूट आहे, पण तिची किंमत सगळे मिळून भरतात.

भांड्याचा एक फायदाही आहे आणि तो मराठीवाल्यांच्या सोयीचा आहे. मोठ्या व्हिडिओवर जाहिरातदार बोली लावतो. गुंतवणुकीवरचा इंग्रजी व्हिडिओ असेल तर चढी बोली, पिठलं-भाकरीवरचा मराठी असेल तर बेताची. शॉर्ट्सच्या भांड्यात मात्र भारतातला एक व्ह्यू म्हणजे एक व्ह्यू. तो म्युच्युअल फंडाच्या शॉर्टचा असो की मारुंजीतल्या मिसळीचा, वाटणी सारखीच.

दारातच अडवणूक

पण वाटा मिळायच्या आधी दारात तिकीट लागतं. जाहिरातीतला वाटा हवा असेल, तर एक हजार सबस्क्रायबर आणि त्यासोबत दोनपैकी एक अट पूर्ण करा : वर्षभरात मोठ्या व्हिडिओंचे ४ हजार तास बघितले गेले पाहिजेत, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज मिळाले पाहिजेत.

आपण आयटीवाले, तेव्हा कॅल्क्युलेटर काढायलाच हवा. ४ हजार तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. तुमचा २० मिनिटांचा व्हिडिओ लोक सरासरी ६ मिनिटं बघत असतील, तर ४० हजार व्ह्यूजमध्ये काम झालं. शॉर्ट्सवाल्याला लागतात १ कोटी. म्हणजे एका मोठ्या व्ह्यूला अडीचशे छोटे! बरं, वेळ मोजू. एक शॉर्ट सरासरी २० सेकंद बघितला जातो असं धरलं, तरी १ कोटी व्ह्यूजची ३३ लाखांहून जास्त मिनिटं होतात. मोठ्यासाठी जेवढा वेळ पुरतो, त्याच्या जवळजवळ चौदा पट. तेही वर्षात नाही, तीन महिन्यांत, म्हणजे रोज सुमारे १ लाख ११ हजार व्ह्यूज. आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितला गेलेला वेळ त्या ४ हजार तासांत धरतच नाहीत.

थोडक्यात काय, तर टाळ्या छोट्याला लवकर मिळतात, ताट मात्र मोठ्यासमोर आधी मांडलं जातं. ‘रील्सवाले बसल्या बसल्या कमावतात’ असं कॅन्टीनमध्ये छातीठोकपणे सांगणाऱ्या मित्राला हे गणित जरूर दाखवा!

मार्च २०२५ च्या शेवटी आणखी एक बदल झाला. शॉर्ट नुसता सुरू झाला, तरी व्ह्यू मोजला जाऊ लागला. आकडे एका रात्रीत फुगले. पैशांचा हिशेब मात्र वेगळ्या, ‘खरोखर बघितलेल्या’ व्ह्यूजवरच राहिला. म्हणजे जगाला दाखवायचा आकडा एक आणि पगाराच्या स्लिपवरचा दुसरा. ग्रॉस आणि इनहँडमधला फरक आपल्याला काही नवा नाही म्हणा!

आणि इन्स्टाग्राम? तिथे यूट्यूबसारखा जाहिरातीतल्या ठरलेल्या टक्क्यांचा वाटा हे कमाईचं मुख्य साधन नाही. पैसा येतो तो बहुतेक ब्रँडकडून. हॉटेलवाला जेवण देतो, कपडेवाला कुर्ता देतो, नाव मोठं झालं की मानधन देतो. इथे मोल लांबीला नसतं, व्ह्यूजनाही पुरतं नसतं. तुमच्यामुळे माल किती खपेल, याला असतं. ओढ्यावरच्या व्हिडिओला कुठला ब्रँड स्पॉन्सर करणार?

मापात पाप

मग ‘मिनिटांवर पैसे द्या’ एवढं म्हटलं की प्रश्न सुटला? नाही ना! माप कुठलंही ठरवा, माणसं त्याच्यातून वाट काढतात.

अ‍ॅमेझॉनने २०१४ साली ‘किंडल अनलिमिटेड’ काढलं. वाचकाने महिन्याची वर्गणी भरायची आणि हवी तेवढी पुस्तकं वाचायची. वाचकाने पुस्तकाचा दहावा हिस्सा वाचला की लेखकाला पैसे, मग पुस्तक कितीही लहान-मोठं असो. झालं, पंधरा-वीस पानी पुस्तिकांचा पाऊस पडला. पहिली दोन पानं उलटली की मीटर पडला! चारशे पानांची कादंबरी लिहिणारे कावले. जुलै २०१५ पासून कंपनीने माप बदललं आणि वाचलेल्या पानागणिक पैसे सुरू केले. मग काही बहाद्दरांनी जुन्याच गोष्टी पुन्हा पुन्हा कोंबून पुस्तकं जाडजूड केली. शेवटी एका पुस्तकाच्या एका वाचनामागे ३ हजार पानांची मर्यादा घालावी लागली.

यूट्यूबवरही हेच झालं. आधी नुसत्या क्लिकला महत्त्व होतं, तेव्हा चित्र एक आणि आत भलतंच अशा व्हिडिओंचा सुकाळ होता. २०१२ मध्ये कंपनीने शिफारशींसाठी बघितलेल्या वेळाला वजन दिलं. मग व्हिडिओ लांबायला लागले. मधे जाहिरात लावायला व्हिडिओ १० मिनिटांचा लागायचा, तेव्हा चार मिनिटांची गोष्ट दहा मिनिटं आणि एक सेकंद चालायची. जुलै २०२० मध्ये ती मर्यादा ८ मिनिटांवर आली आणि पाणी घालायचं प्रमाण तेवढंच कमी झालं! संगीताचीही तीच तऱ्हा. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं की मोजलं जातं, मग दोन मिनिटांचं असो की दहा. मैफलीतला विलंबित ख्याल गाणाऱ्याने काय करायचं?

टिकटॉकची गोष्ट तर सगळ्यात बोलकी. २०२० मध्ये त्यांनी क्रिएटर्ससाठी निधी जाहीर केला. पण निधी ठरलेला आणि घेणारे वाढत चाललेले. जानेवारी २०२२ मध्ये हँक ग्रीन या नावाजलेल्या अमेरिकन यूट्यूबरने ही गोम व्हिडिओतून मांडली : प्लॅटफॉर्म जितका मोठा होतो, तितकी एकेका व्ह्यूची किंमत घटते. पुढे २०२३ मध्ये टिकटॉकने तो निधी अमेरिका आणि युरोपातल्या काही देशांत गुंडाळला आणि नवी योजना आणली. तिची अट काय असावी? व्हिडिओ एक मिनिटापेक्षा मोठा हवा! ज्यांनी जगाला १५ सेकंदांची चटक लावली, त्यांनाच शेवटी लांबीसाठी पैसे मोजावे लागले.

क्रिकेटवाल्यांचा फंडा

या भांडणावर आपल्याकडे एक तोडगा निघालाय आणि तो क्रिकेटमध्ये. गहुंजेचं स्टेडियम मारुंजीकरांना शेजारचंच, तेव्हा उदाहरण घरचंच समजा.

भारताकडून एक टी-ट्वेन्टी खेळायचे ३ लाख रुपये, एका वन-डेचे ६ लाख आणि एका कसोटीचे १५ लाख, अशी मॅच फी ठरलेली. पण आयपीएलच्या पैशापुढे कसोटीचं आकर्षण घटायला लागलं, तेव्हा ९ मार्च २०२४ ला बीसीसीआयने कसोटीसाठी वेगळी प्रोत्साहन योजना जाहीर केली. मोसमातल्या ७५ टक्क्यांहून जास्त कसोटींमध्ये अकरांत असणाऱ्याला प्रत्येक सामन्यामागे आणखी ४५ लाख, निम्म्याहून जास्त खेळणाऱ्याला ३० लाख.

यात बघण्यासारखं काय? कसोटी बघायला टी-ट्वेन्टीपेक्षा जास्त गर्दी होते, असं बोर्डाने म्हटलं नाही. जास्त तास चालते म्हणून मिनिटावर भावही लावला नाही. गहुंजेला फेब्रुवारी २०१७ मध्ये झालेली पहिली कसोटी ऑस्ट्रेलियाने तिसऱ्याच दिवशी जिंकली होती. अशा वेळी दोन दिवस वाचले म्हणून कुणी फी कापत नाही! छोट्या खेळातून येणाऱ्या पैशातला काही भाग मोठा खेळ जगावा म्हणून ठरवून बाजूला काढला, एवढंच. तोही नुसतं नाव लावणाऱ्याला नाही, तर सातत्याने मैदानात उतरणाऱ्याला. टी-ट्वेन्टीवाल्याची फी कमी न करता हे जमलं, हे विशेष.

मराठीला दोन्ही हवं

छोटं म्हणजे उथळ आणि मोठं म्हणजे थोर, असं समजायचंही कारण नाही. चंद्रशेखर गोखल्यांच्या ‘मी माझा’ने चार ओळींची कविता घराघरांत पोचवली, कॉलेजच्या वह्यांची शेवटची पानं भरून टाकली. पुस्तकाच्या जगात हा तंटा फारसा होत नाही, कारण तिथे वाचक किंमत मोजतो आणि लेखकाला त्या किमतीवर रॉयल्टी मिळते. ओळी चार की चारशे, हे कुणी मोजत बसत नाही.

आणि मोठं चालतच नाही, हेही खरं नाही. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत असताना रेसिपींचं चॅनेल सुरू केलं, तेव्हा मराठी घरांत मोबाइलवर स्वयंपाक बघायची पद्धतच नव्हती. सारंग साठये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांच्या ‘भाडिपा’ने २०१६ पासून ऐसपैस एपिसोड केले आणि ‘कास्टिंग काऊच’मधल्या अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारीच्या गप्पा ऑफिसच्या लंच टेबलवर आल्या. २०२० मध्ये नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींनी नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ सुरू केलं. वाटण पाट्यावर असो की मिक्सरमध्ये, ते होईपर्यंत थांबणारा प्रेक्षक त्यांना मिळाला. मसाला भाजायला वेळ लागतोच. तो ३० सेकंदांत भाजला, तर करपतो!

मे २०२५ मध्ये मुंबईत ‘वेव्ह्ज’ परिषद झाली. तिथे यूट्यूबचे सीईओ नील मोहन यांनी सांगितलं, की आधीच्या तीन वर्षांत कंपनीने भारतातल्या क्रिएटर्स, कलाकार आणि मीडिया कंपन्यांना मिळून २१ हजार कोटी रुपयांहून जास्त दिले आणि पुढच्या दोन वर्षांत आणखी ८५० कोटी गुंतवणार. एवढा पैसा जिथे फिरतो, तिथे वाटणीचा नियम ही किरकोळ बाब राहत नाही. शेतकऱ्याचा साधा हिशेब आहे : ज्याला भाव, त्याची पेरणी. उद्या मराठीत काय बघायला मिळेल, हे आज कशाला भाव मिळतो त्यावर ठरणार आहे.

मग फेअर म्हणजे काय?

आमच्या मते चार गोष्टी.

एक, लांबी मोजू नका, बघणाऱ्याची पसंती मोजा. व्हिडिओ केवढा आहे, यापेक्षा तो किती जणांनी शेवटपर्यंत बघितला, जपून ठेवला, पुन्हा उघडला, हे बघा. ३० सेकंदांचा पूर्ण बघितलेला व्हिडिओ २० मिनिटांच्या अर्धवट सोडलेल्या व्हिडिओपेक्षा कमी नाही. यूट्यूबच्या प्रीमियम वर्गणीतला वाटा सभासदांनी काय बघितलं, त्यावर ठरतो. दिशा बरोबर आहे, फक्त वेळेसोबत समाधानही मोजायला हवं.

दोन, ठरलेला निधी नको, ठरलेला टक्का हवा. धंदा वाढला की वाटाही वाढला पाहिजे. आणि ज्याने गाणं वापरलं, त्याच्याच हिश्शातून गाण्याचे पैसे जावेत.

तीन, छोट्याने आणलेल्या गिऱ्हाइकाचं श्रेय छोट्याला द्या. शॉर्ट बघून कुणी मोठ्या व्हिडिओकडे गेलं, तर त्या कमाईत शॉर्टचाही हात आहे. दुसऱ्याच्या पॉडकास्टचे तुकडे कापून स्वतःच्या चॅनेलवर टाकणाऱ्यांना मात्र हे लागू नाही. तिथे मूळ मालकाचा वाटा आधी.

चार, काही गोष्टी बाजार कधीच पोसणार नाही, हे मान्य करा. ओढ्याचा शोध, गावाचा इतिहास, तासाभराची मुलाखत यांच्यासाठी बीसीसीआयसारखा पैसा ठरवून बाजूला काढावा लागेल. कंपन्यांनी नाही काढला, तर बघणाऱ्यांनी. महिन्याला एका कटिंगचे पैसे पाचशे जणांनी दिले, तरी माहिती अधिकाराचे अर्ज आणि पेट्रोल निघतं.

शनिवारी कॅमेरा काढण्याआधी

• आधी मोठं शूट करा, मग त्यातून तीन-चार छोटे तुकडे काढा आणि त्यांना मूळ व्हिडिओची लिंक जोडा. उलट्या क्रमाने फार त्रास होतो.

• एकच गोष्ट सांगायची असेल, तर छोटाच करा. शॉर्ट १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतो. बरंच बसतं त्यात.

• पहिल्या महिन्यात पैसे मोजू नका. खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत रक्कम बँकेत येतच नाही.

• ऑफर लेटर पुन्हा एकदा वाचा. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं जाहीर केलं होतं. रेसिपीचं चॅनेल म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनी नव्हे, पण जोडधंद्याबद्दल करारात काय लिहिलंय, हे माहीत असलेलं बरं.

• ऑफिसचा लॅपटॉप एडिटिंगला वापरू नका. का, ते सांगायची गरज नाही!

नियम कंपन्या ठरवतील आणि दर वर्षी बदलतीलही. आपल्या हातात एक गोष्ट उरते, ती म्हणजे आपला वेळ. जाहिरातदार विकत घेतो ती आपली मिनिटं. तीच कुठे खर्च करायची, हे अजून तरी आपणच ठरवतो. एखादा मोठा व्हिडिओ आवडला तर अर्ध्यावर सोडू नका, जमलं तर सभासद व्हा, नाहीच जमलं तर निदान चार लोकांना पाठवा.

पुढच्या पावसाळ्यात पाणी दाखवणारे शंभर जण भेटतील आणि त्यांचं कौतुक आपण करूच. पण ओढा नेमका कुठे अडलाय, हे शोधणारा एक तरी टिकायला हवा. आणि तो टिकायचा, तर त्याला नुसत्या टाळ्या पुरणार नाहीत. त्याच्यासाठीही थाळी वाढावी लागेल.